गाय दोनदा हंबरली

एक शेतकरी औत हाकत होता. मध्येच गाय हंबरली. बांधावरून एक अरब वाटसरू चालला होता, त्याला गुरांची बोली कळायची. त्यानं थांबून सांगितलं की बैल सोड, नांगर उतरव, यरुशलेमचं मंदिर पडलं. यहुदी शेतकऱ्यानं जू उतरवलं. तेवढ्यात गाय पुन्हा हंबरली. वाटसरू म्हणाला, आता परत जुंप, कारण तुमचा मशीहा, तुमचा तारणहार, जन्माला आला.

त्या मुलाचं नाव काय, गाव कोणतं, हे शेतकऱ्यानं विचारून घेतलं. नाव मेनाहेम, म्हणजे सांत्वन करणारा. गाव बेथलेहेम. मग त्यानं बैल विकले, नांगर विकला आणि तान्ह्या पोरांची दुपटी विकत तो गावोगाव फिरू लागला. बेथलेहेमात बायका भोवती जमल्या. सगळ्यांनी दुपटी घेतली, मेनाहेमची आई तेवढी बाजूला उभी. ज्या दिवशी हे पोर जन्मलं त्याच दिवशी मंदिर जळालं, असल्या पांढऱ्या पायाच्या पोराचं काय कौतुक करायचं, असं तिचं म्हणणं. शेतकऱ्यानं तिला समजावलं की ज्याच्या पायानं मंदिर गेलं, त्याच्याच पायानं ते परत येईल. पैसे नाहीत म्हणाली, तर त्यानं दुपटं उधार दिलं. काही दिवसांनी तो पुन्हा आला आणि बाळ कसं आहे म्हणून विचारलं. आईनं सांगितलं, वावटळ आली आणि पोराला माझ्या हातातून उचलून घेऊन गेली.

ही गोष्ट यरुशलमी तालमुदातली, म्हणजे यहुदी शास्त्र्यांच्या धर्मचर्चांच्या संग्रहातली आहे. इसवी सन ४०० च्या आसपास गालीलात हा ग्रंथ सिद्ध झाला. खान्देशात रब्बी म्हटलं की हरभरा नि गहू डोळ्यांपुढे येतो, पण यहुद्यांचे रब्बी म्हणजे त्यांचे शास्त्री, धर्मशास्त्राचा अर्थ लावणारे आणि तो लोकांना समजावून सांगणारे. जगाच्या शेवटाबद्दल त्यांनी शेकडो वर्षं प्रवचनं केली. त्यातली ही एक गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. तीत ना आगीचा पाऊस आहे, ना आकाशातून उतरणारं सैन्य. गाय आहे, औत आहे, दुपटं आहे आणि न फिटलेली उधारी आहे.

मंदिर पडलं तो दिवस यहुदी पंचांगातल्या अव महिन्याची नवमी. हे पंचांगही आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. म्हणून अव नवमी बहुतेक वेळा आपल्या श्रावण शुद्ध नवमीच्या आगेमागे येते, क्वचित महिनाभराचा फरक पडतो. जळगाव-धुळ्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. घरातल्या पुरुषमाणसांगणिक सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन रोटाचं दळण होतं, रात्रभर जागरण होतं, सोमवारी सकाळी गाणी म्हणत कानबाईला नदीवर नेतात. २०२५ साली हा रविवार ३ ऑगस्टला आला. अव नवमी त्या वर्षी शनिवारी पडली, आणि शनिवारी असा शोकाचा उपास धरत नाहीत, म्हणून यहुद्यांनीही उपास रविवारी, ३ ऑगस्टलाच धरला. इकडे रोट भाजले जात होते आणि तिकडे माणसं जमिनीवर बसून, अंधुक उजेडात, पडलेल्या मंदिराचे विलाप वाचत होती.

आणि ते विलाप वाचणाऱ्यांमध्ये मराठी बोलणारेही होते. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात या दिवसाचं जुनं नाव आहे बिरड्याचा सण. कडवे वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा, मग त्याचं बिरडं. यहुदी परंपरेत शोकाच्या घरी मसूर शिजवतात. मसुरीला तोंड नसतं, तसं दुःखात असलेल्या माणसालाही तोंड नसतं, अशी त्यामागची रब्बींची उपपत्ती. रायगडच्या माणसानं त्या जागी वाल आणला, मोड आलेला. कोणी जाणूनबुजून तसं केलं असेल असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात त्या भागात जे कडधान्य घरात असतं तेच शिजतं. पण मंदिर जळाल्याच्या दिवशी मशीहा जन्मला हे सांगणारी गोष्ट आणि शोकाच्या दिवशी मोड आलेले वाल, या दोन गोष्टी एकदा शेजारी ठेवल्या की मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

मंदिर पडलं ते इसवी सन ७० मध्ये, रोमनांच्या हातून. रब्बींचं सगळं काम त्या राखेतून सुरू होतं. योहानान बेन झक्काय यांना त्यांच्या शिष्यांनी तिरडीवर घालून, मेल्याचं सोंग करून, वेढा पडलेल्या शहरातून बाहेर काढलं अशी कथा आहे. पुढे याव्ने या गावी त्यांनी पाठशाळा चालवली आणि बळी, वेदी, पुरोहित यांच्यावाचून धर्म कसा जगवायचा हे शिकवलं. आपलं शहर बेचिराख झाल्याचं दुःख ज्यांनी भोगलं त्यांच्या नावावर एक उपदेश सांगतात. हातात रोप असेल आणि कोणी सांगत आलं की मशीहा आला, तर आधी रोप लाव, मग त्याच्या स्वागताला जा. केळीचा कंद हातात घेऊन वाफशाची वाट पाहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण सगळेच रब्बी इतके सबुरीचे नव्हते. अकिवा हे त्या काळातले सर्वांत थोर आचार्य. उद्ध्वस्त मंदिराच्या गाभाऱ्यातून एक कोल्हा बाहेर पडताना त्यांना नि त्यांच्या सोबत्यांना दिसला. सोबती रडले, अकिवा हसले. नाशाचं भाकीत असं अक्षरशः खरं झालं, म्हणजे पुन्हा उभारणीचं भाकीतही खरं होणार, असा त्यांचा हिशेब. याच अकिवांनी इसवी सन १३२ मध्ये रोमनांविरुद्ध उठलेल्या बार कोखबाला मशीहा म्हणून जाहीर केलं. योहानान बेन तोर्ता नावाच्या दुसऱ्या रब्बींनी त्यांना तोंडावर सुनावलं की तुमच्या गालांवर गवत उगवेल तरी दावीदाचा पुत्र, म्हणजे मशीहा, आलेला नसेल. १३५ मध्ये बेतारचा किल्ला पडला, तोही परंपरेप्रमाणे अव नवमीलाच. अकिवांना रोमनांनी हालहाल करून मारलं. तालमुदानं अकिवांची थोरवी कमी केली नाही आणि बेन तोर्तांचे शब्दही पुसले नाहीत. दोघांना एकाच पानावर ठेवलं. या ग्रंथाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

त्या रक्तपातानंतर रब्बींची भाषा बदलली. आशा सोडायची नाही, पण तारीख काढायची नाही. जग सहा हजार वर्षं चालणार, दोन हजार शून्याची, दोन हजार धर्मशास्त्राची, दोन हजार मशीहाच्या दिवसांची, असा एक हिशेब दुसऱ्या, बाबिली तालमुदात आहे. लगेच पुढे कबुलीही आहे की आपल्या पापांमुळे त्यातली कितीतरी वर्षं अशीच निघून गेली. आणि त्याच चर्चेत शेवटाचं गणित मांडणाऱ्यांना तळतळून शाप दिलेला आहे. कारण सरळ आहे. कोणी तारीख काढतो, ती येते आणि जाते, मग लोक म्हणतात की आता तो येणारच नाही. तारीख चुकली की आशाच मरते. यहुदी पंचांगाप्रमाणे २०२५ च्या शरदात ५७८६ वं वर्ष लागलं, सहा हजाराला फार उरलेली नाहीत, तरी रब्बींची ती मनाई उठलेली नाही.

तिसऱ्या शतकातले येहोशुआ बेन लेवी यांची गोष्ट याच प्रकरणात येते. त्यांना एलिया संदेष्टा भेटला. मशीहा कधी येणार, असं विचारल्यावर एलिया म्हणाला, त्यालाच जाऊन विचार, तो रोमच्या वेशीवर बसला आहे. ओळखायचं कसं? वेशीवर महारोगी बसतात. बाकीचे आपल्या जखमांच्या पट्ट्या एकदम सगळ्या सोडतात आणि मग सगळ्या बांधतात. तो मात्र एक पट्टी सोडतो, ती बांधतो, मग दुसरी सोडतो. न जाणो, बोलावणं आलं तर आपल्यामुळे उशीर नको. येहोशुआ गेले, विचारलं. उत्तर मिळालं, आज. आज उलटून गेला, कोणी आलं नाही. त्यांनी एलियाकडे तक्रार केली की तो खोटं बोलला. एलियानं खुलासा केला की त्या आजला एक अट आहे, तुम्ही देवाचा शब्द ऐकाल तर आज.

वेशीवर, गावानं बाहेर काढलेल्या माणसांत बसून, स्वतःच्या जखमा एकेक करून बांधणारा तारणहार. दुसऱ्या कुठल्या धर्मकथेत शेवटाची इतकी जवळून पाहिलेली मूर्ती मला आठवत नाही. आपल्या गावांच्या वेशीबाहेर कोणाला बसवलं गेलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाचावी.

हे सगळं पोथ्यांत आलं ते नंतर. आधी ते सभागृहांत, शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, माणसांसमोर बोललं गेलं. प्रवचनकाराची एक रीत होती. त्या दिवशीच्या वाचनाचं वचन तो लगेच घ्यायचा नाही. स्तोत्रांतलं किंवा नीतिसूत्रांतलं भलतंच लांबचं वचन उचलायचा, त्याचा एक अर्थ, दुसरा अर्थ, मध्ये राजाचा दृष्टांत, असा फिरत फिरत शेवटी नेमका आजच्या वचनावर येऊन थांबायचा. आपल्याकडे कीर्तनकार कुठल्या कुठे जाऊन मूळ अभंगावर परत येतो, तसंच. त्यात एक दंडक होता, शेवट सांत्वनानं करायचा. अव नवमीनंतरचे सात शब्बाथ तर सांत्वनासाठीच राखलेले, त्या दिवशी यशया संदेष्ट्याची दिलाशाची वचनं वाचतात. त्यांवरची जुनी प्रवचनं ‘पसिक्ता दे-रव कहाना’ या संग्रहात टिकली आहेत.

ही परंपरा कोकणात कशी पोचली? बेने इस्राएलांची स्वतःबद्दलची कथा अशी की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. ते तेलाच्या घाण्यावर जगले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. गावांवरून आडनावं पडली: केहिमकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, राजपूरकर. तालमुदाचा अभ्यास त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. पण एलिया होता. त्याला ते म्हणतात एलियाहू हनाबी.

बायबलमध्ये एलिया मरत नाही, अग्निरथातून वर जातो. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अखेरीस म्हटलं आहे की तो महान आणि भयंकर दिवस येण्याआधी देव एलियाला पाठवील. म्हणजे शेवटाचा पहिला निरोप्या तोच. रब्बींच्या गोष्टींत हा निरोप्या सारखा कोणत्या ना कोणत्या वेशात माणसांत वावरतो, गरिबाला मदत करतो, पंडितांना बोल लावतो. कोकणात तो आणखी जवळ आला. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या मानतात. इथूनच तो स्वर्गात गेला, असं लोक सांगतात. नवस बोलायचा तो त्याला. फेडायचा तो मलिद्यानं.

मलिद्याचं ताट डोळ्यांपुढे आणा. पातळ पोहे भिजवून मोकळे केलेले, त्यांत गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, बदाम. त्यांचा ढीग ताटात रचायचा, भोवती केळी, खजूर, आणखी फळं, वर गुलाब. हिब्रूतून एलियाचं गाणं म्हणतात, प्रत्येक फळावर ज्याचा त्याचा आशीर्वाद म्हणतात आणि मग ताट सगळ्यांत वाटलं जातं. लग्न ठरलं, परदेशातून मुलगा सुखरूप आला, आजारातून कोणी उठलं, मलिदा होतो. झाडांच्या नववर्षाचा जो यहुदी सण माघाच्या सुमारास येतो, त्याला या समाजात एलियाहू हनाबीचा उरूस म्हणत. मलिदा आणि उरूस हे दोन्ही शब्द दर्ग्यांकडून आलेले. शेवटाच्या दिवसाचा निरोप्या असा शेजाऱ्यांच्या शब्दांत, पोह्यांच्या ताटापुढे येऊन बसला. तो निरोप कधी देणार, हे त्याला कोणी विचारत नाही. मुलगी बरी होऊ दे, एवढं मागतात.

एकोणिसाव्या शतकात तारखा काढणारे मात्र मुंबईला आले. जोसेफ वुल्फ हा जर्मनीत यहुदी घरात जन्मलेला, पुढे ख्रिस्ती झालेला भटका धर्मप्रचारक १८३३ मध्ये हिंदुस्थानात मुंबईपर्यंत पोचला होता. ख्रिस्ताचं पुनरागमन १८४७ मध्ये होणार, असं गणित त्यानं मांडलं होतं. दुसरीकडे जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी शाळा काढत होते. यशयाची जी वचनं रब्बी सांत्वनासाठी वाचत, त्याच वचनांवरून मशीहा येऊन गेला असं ते सांगत. बेने इस्राएलांची मुलं त्या शाळांत शिकली, कित्येक जण तिथे शिक्षकही झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून लिहिलेलं हिब्रूचं व्याकरण त्यांना मिळालं. ते त्यांनी घेतलं, आणि त्याचा उपयोग आपल्याच प्रार्थना समजून घ्यायला केला. धर्म बदलणारे अगदी थोडे निघाले.

वुल्फनं सांगितलेल्या सालाच्या आजूबाजूला या समाजानं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. १८४६ मध्ये मुंबईत कोचीनचे हाईम योसेफ हालेगुआ आणि आरोन दाविद दिवेकर यांनी मिसर देशातून सुटकेच्या सणाची, वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली. १८४८ मध्ये अलिबागला प्रार्थनामंदिर उभं राहिलं, १८४९ मध्ये पनवेलला. त्यांनी वुल्फला उत्तर म्हणून हे केलं असं नव्हे, त्याचं गणित त्यांच्या कानांवर गेलं होतं की नाही यानंही फरक पडत नाही. जगाचा शेवट जवळ आला म्हणणाऱ्याच्या काळात ही माणसं चुन्यात विटा बसवत होती आणि शिळेवर मराठी अक्षरं उतरवत होती. हातातलं रोप आधी लावत होती.

वल्हांडणाच्या रात्री एलियासाठी पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. शेवटी पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये असू, अशी इच्छा बोलतात. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र हग्गादात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. पिठाचा गोळा, लाटणं, चूल. चित्रकारानं मिसर देशातून सुटका झालेल्यांचा सण थेट पुण्याच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी कीर्तन सुरू केलं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीत गायली जाऊ लागली. गालीलातल्या प्रवचनकाराची वळणावळणानं मूळ वचनावर येण्याची रीत आणि आपल्या कीर्तनकाराची रीत इथे, मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यात, एकमेकींना भेटल्या. मराठीत घडलेल्या फार सुंदर गोष्टींतली ही एक आहे आणि आपल्या कीर्तनपरंपरेच्या इतिहासात तिला अजून हक्काची जागा मिळालेली नाही.

मग १९४८ आलं. इस्राएल स्थापन झालं आणि पुढच्या वर्षीची ती इच्छा एकाएकी बोटीच्या तिकिटाएवढी जवळ आली. हिंदुस्थानात वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज पुढच्या काही दशकांत बहुतेक तिकडे गेला. दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा या गावांत वस्ती झाली. तिथे त्यांना वेशीवरच थांबवलं गेलं. इतकी शतकं शास्त्री नसताना तुमचे घटस्फोट कसे होत होते, तुमची लग्नं शुद्ध कशी मानायची, असा प्रश्न काही रब्बींनी काढला. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयानं आदेश काढला की बेने इस्राएल माणसाला बाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचं तर त्याच्या पूर्वजांची चौकशी शक्य तितक्या मागच्या पिढीपर्यंत करावी. ज्यांनी बिरड्याच्या सणाला यरुशलेमसाठी शोक केला, त्यांना यरुशलेममध्ये वंशावळ मागितली गेली. ते गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह यरुशलेममध्ये धरणं धरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेनं बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी असल्याचा ठराव केला, आणि आदेशातलं त्यांचं नाव काढलं गेलं.

तालमुदात वाद मिटला नाही की शेवटी एक शब्द येतो, तेकू. म्हणजे हा प्रश्न तसाच राहू दे. लोकांनी त्या शब्दाची फोड अशी केली की एलिया येईल तेव्हा तोच याचं उत्तर देईल. रब्बींच्या शेवटाच्या दिवसाबद्दलच्या कल्पनेत हेही बसतं. त्या दिवशी अडलेले वाद सुटतील, तोवर ते वाद म्हणून जपून ठेवायचे. पण माणूस कोण, त्याचं लग्न लागावं की नाही, हे तेकू म्हणून ठेवता येत नाही, हे त्या धरण्यातल्या माणसांना नीट कळलं होतं.

हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एक गुहा आहे, एलियाची गुहा म्हणून तिची ख्याती. बेने इस्राएल कुटुंबं तिथे जातात. डब्यातून पोहे, खोबरं, खजूर नेतात, ताट रचतात, एलियाहू हनाबीचं गाणं म्हणतात. सुटीत भारतात आली की तीच माणसं अलिबागहून रिक्षा करून खंडाळ्याला येतात, चपला काढून खडकावर चढतात आणि मुलांना चाकांच्या खुणा दाखवतात. मुलं हिब्रूत काहीतरी विचारतात, आजी मराठीत सांगते.